ट्रेलरच्या कमानी

नागपुरात बोटीचा ट्रेलर? मुंबईची मंडळी हसतात. हसू द्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. तेव्हा माणसं बाहेर काढायला बोटीच लागल्या. आणि ट्रेलरवरची बोट पाण्यापर्यंत पोचते ती ट्रेलर धड असला तरच.

बोटीला रंग लागतो, इंजिनाची सर्व्हिसिंग होते. ट्रेलरच्या खाली वाकून बघतं कोण? जुना झाला की तो तिथूनच, म्हणजे कमानींपासून, मान टाकतो.

ट्रक रोज पळतो, त्याच्या कमानीचे पाटे हलते राहतात. ट्रेलर मात्र महिनोनमहिने एका जागी उभा, डोक्यावर बोटीचं वजन तसंच. बोट उतरवताना चाकं पाण्यात जातात आणि पाणी पाट्यांच्या फटीत राहतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे पाटे फाकतात, जाम होतात. त्यात आपला मे महिना! पंचेचाळीस डिग्रीत रबरी बुश कडक होऊन तडकतात. प्रवासात तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ दिसलं की समजायचं, बेअरिंग चाललं.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे "एक पाटा वाढवून घ्या, काही होत नाही." मला हा सल्ला अजिबात पटत नाही. अशा ट्रेलरला बहुतेक वेळा शॉक ॲबसॉर्बर नसतो; पाटे एकमेकांवर घासतात तेच त्याचं डॅम्पिंग. जाम झालेल्या गठ्ठ्यात आणखी एक पाटा घातला की कमान फक्त ताठ होते आणि प्रत्येक खड्डा थेट बोटीच्या तळाला बसतो. तुटलेला पाटा वेल्डिंग करणं तर त्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी त्या उष्णतेने उतरतं आणि पाटा पुन्हा जोडाजवळच तुटतो.

कमानी बदलायच्या तर दोन्ही बाजूंच्या एकदम, नाहीतर ट्रेलर एका अंगाला कलतो. यू-बोल्ट नवे घ्यावेत. हुकापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर टेपने मोजून सारखं करावं, आणि थोडं चालवून झाल्यावर नट पुन्हा आवळावेत. यात रॉकेट सायन्स काही नाही बाप्पा!

"वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूवर एवढा खर्च कशाला?" असं कोणी म्हणेल. अहो, म्हणूनच तर करायचा. रोज चालणारी गाडी बिघडली की आवाज करून सांगते. उभी वस्तू गप्प बसते आणि नेमकी गरजेच्या रात्री दगा देते. आमच्या धंद्यात बॅकअपचं हेच आहे. कधी रिस्टोअर करून पाहिलेला नसेल तर तो बॅकअप नव्हे, नुसता नवस.

तेव्हा ट्रेलर उभा असताना चेसिसखाली ठोकळे देऊन कमानींवरचं वजन काढा. आणि मृग लागायच्या आधी एकदा बोट चढवून, गावाबाहेर दहा-वीस किलोमीटर नेऊन आणा. परत आल्यावर हबला हात लावून बघा. चटका बसला तर मिस्त्रीकडे न्यायला अजून वेळ आहे.