बोनसचे पैसे आणि पोरांची झोप



आरोग्याच्या पानावर पत्त्यांच्या जुगाराचं काय काम, असं काही जणींना वाटेल. हे पान म्हणजे रक्तक्षय, साखर, टीबीच्या गोळ्या मध्येच सोडू नका, बाळंतिणीचा आहार. दोन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं.

2024च्या पावसाळ्यात माझा भाचा मोटारसायकलवरून पडला. सकाळची साडेआठची वेळ, त्या दिवशी पाऊस नव्हता, समोर गाडी नव्हती, आणि पोरगा दारूला शिवत नाही. कुरियरच्या गोदामात कामाला आहे, तिकडेच निघाला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं. घरात दवाखान्याचं काही निघालं की बहीण आधी मला फोन करते, तशी मी पोचले. पडलास कसा विचारलं, तर म्हणाला, "डोळा लागला गं मावशी."

मी अठरा वर्षं वॉर्डात काढली. सलग सात-आठ नाइट ड्युट्या केलेल्या माणसाचे डोळे मला लांबून ओळखू येतात. त्याचे डोळे तसे होते. पण त्याला नाइट शिफ्ट नव्हतीच.

चार दिवसांनी, बहीण पाणी भरायला गेली तेव्हा तो बोलला. मोबाइलवर पोकर खेळत होता, रोज रात्री अकरा ते साडेतीन. का, म्हणून विचारलं. उत्तर मी विसरलेले नाही. "बोनस संपत होता मावशी. तीस दिवसांत पूर्ण केला नसता तर गेला असता."

माझे वडील गिरणीत होते. बोनस हा शब्द आमच्या घरात दिवाळीला यायचा, आणि तो हक्काचा असायचा. युनियनने भांडून घेतलेला, हातात मोजून मिळणारा पैसा. त्यामुळे पहिल्यांदा मला कळेचना की बोनस 'पूर्ण करायचा' म्हणजे काय. रविवारी त्याला शेजारी बसवून मी त्या बोनसच्या अटी उघडल्या. सगळ्या इंग्रजीत, बारीक अक्षरात. पोरगा बी.कॉम. झालेला आहे, त्याला इंग्रजी वाचता येतं. पण त्याने ते पान एकदाही उघडलं नव्हतं. आपण तरी दवाखान्यातल्या संमतीपत्रावर कुठे वाचून सही करतो?

त्यात जे होतं ते मी आकड्यांसह सांगते. प्रत्येक ॲपचे आकडे वेगळे असतात, बांधणी हीच असते.

जाहिरात होती : हजार भरा, वर हजार बोनस. पण तो हजार खात्यात येत नाही, बाजूला 'प्रलंबित' म्हणून दिसतो. तो सुटतो थोडा थोडा, तुम्ही खेळाल तसा. पोकरमध्ये सगळे जण पैसे मध्ये टाकतात आणि जिंकणारा तो ढीग उचलतो. अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो ना, तसा ॲपवालाही त्या ढिगातून साधारण पाच टक्के काढतो. त्याला रेक म्हणतात. अट अशी होती की तुमच्याकडून 50 रुपये रेक गेला की बोनसचे 10 रुपये सुटणार. म्हणजे हजाराचा बोनस हातात यायला आधी पाच हजार रुपये रेक ॲपवाल्याला द्यायचा. आपलेच पाच रुपये घेऊन त्यातला एक परत, आणि त्या एकाला नाव बोनस.

आता वेळेचा हिशेब. भाचा एक-दोन रुपयांच्या लहान टेबलावर बसायचा. डावाला मध्ये सरासरी 40 रुपये जमले असं धरा. त्यातले दोन रुपये रेक, सहा जणांत विभागला तर माणशी साधारण 33 पैसे. पाच हजार रुपये व्हायला पंधरा हजार डाव. मुदत तीस दिवस, म्हणजे रोज पाचशे डाव. एका टेबलावर तासाला सत्तरेक डाव होतात. दिवसाला सात तास! गोदामातली नोकरी करून सात तास कुठून आणायचे? ते झोपेतूनच येतात, दुसरीकडे शिल्लक आहे कुठे?

म्हणून मी म्हणते की ही आरोग्याची गोष्ट आहे. पैसा बुडतो हे सगळ्यांना दिसतं. पण बोनसची मुदत ही खरं तर पोराला लावलेली नाइट ड्युटी आहे. पगार कंपनी ठरवते आणि हजेरी पोरगा आपणहून लावतो.

बावीस रात्रींत त्याचा सुटलेला बोनस 440 रुपये. मी तास मोजले, नव्याण्णव भरले. तासाला साडेचार रुपयेही नाहीत. तो आकडा बघून तो हसला, मग गप्प बसला.

मधे एकदा त्याच्या खात्यात 2600 रुपये झाले होते. शहाण्यासारखं काढून घ्यायला गेला, तर समोर सूचना आली : आता पैसे काढल्यास उरलेला बोनस रद्द होईल. त्याने हात मागे घेतला. न मिळालेल्या पैशासाठी मिळालेला पैसा टेबलावर ठेवला, आणि तीन रात्रींत तो गेला. पुन्हा भरणा केला, त्यावर पुन्हा नवा बोनस, नवी मुदत. मला विचाराल तर त्या अख्ख्या पानातली सगळ्यात विषारी अट ही होती.

मुदत जवळ आली तसं त्याला कळलं की मोठ्या टेबलावर रेक जास्त जातो, म्हणून बोनसही लवकर सुटतो. दहा-वीस रुपयांच्या टेबलावर बसला. चार रात्रींत वीस हजार गेले. ते पैसे बहिणीने शिलाई मशीनसाठी बचत गटातून उचललेले होते. पाचव्या सकाळी तो पडला.

इथे कुणी म्हणेल, पोकर हा बुद्धीचा खेळ आहे, त्याला येत नव्हता म्हणून हरला. खेळात कौशल्य आहे, मी नाकारत नाही. पण जे मूठभर खरोखर तरबेज असतात ते जिंकतात कुणाकडून? बोनस बघून आलेल्या नव्या पोरांकडूनच. आणि ॲपवाल्याला कोण जिंकलं याचं काही देणंघेणं नाही, त्याचा रेक प्रत्येक डावाला चालू असतो. 'डोक्याचा खेळ' ही भाषा आपल्या पोरांना बरोबर लागते, याचं मला जास्त दुःख आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन विहारात अभ्यासाला बसणारी पोरं ही. आयुष्यभर कुणी ना कुणी त्यांच्या हुशारीवर शंका घेतलेली असते. आणि एक ॲप म्हणतं, तू हुशार आहेस, ये.

भाच्याला रडू आलं ते वीस हजारांसाठी नाही. त्याने तीन मित्रांना त्यात आणलं होतं. 'मित्राला आणा, बोनस मिळवा' या योजनेत मित्र जेवढा रेक भरेल त्यातला थोडा वाटा आणणाऱ्याला मिळतो. मित्र जितका जास्त बसेल तितकी याची कमाई. "मला माहीत नव्हतं मावशी, मला वाटलं कंपनी देते."

वर्षावासात सिगालोवाद सुत्त ऐकलेलं असेल, तर त्यात गृहस्थाची संपत्ती नासवणाऱ्या सहा वाटांत जुगार आहे, आणि जुगाराचे सहा तोटेही सांगितले आहेत. पैसा जाणं हा त्यातला फक्त एक. बाकीचे माणसांमधले आहेत : जिंकणाऱ्याविषयी वैर, हरणाऱ्याची हळहळ, सभेत शब्दाला किंमत न उरणं, मित्रांनी तुच्छ लेखणं, सोयरिकीला कुणी न विचारणं. वॉर्डातल्या नर्सच्या डोळ्यांनी वाचलं तर ही आजाराच्या लक्षणांची यादी वाटते.

आणि आजार हा शब्द मी उगाच वापरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 साली त्याला दारू आणि इतर व्यसनांच्या गटात बसवलं. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा तेच महत्त्वाचं होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, ही त्याची खूण. एखादा डाव थोडक्यात हुकला की मेंदूला तो हरल्यासारखा वाटत नाही, 'आता येणारच' असं वाटतं. त्यात झोप नसलेला मेंदू धोका नीट तोलू शकत नाही. रात्री तीनला लावलेला पैसा आणि सकाळी दहाला लावलेला पैसा यांत फरक आहे, आणि मुदतीचा बोनस पोरांना रात्री तीनलाच बसवतो.

तुमच्या घरात शंका असेल तर दोन प्रश्न विचारा. तपासणीत खरोखर वापरले जाणारे आहेत. किती खेळतोस हे जवळच्या माणसांपासून लपवायला कधी खोटं बोलावं लागलं का? आणि लावायची रक्कम वाढवत न्यावी असं कधी वाटलं का? एकाचंही उत्तर हो आलं तर मारहाण नको, मोबाइल आपटून फोडणं नको. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पोरगा फार गप्प झाला असेल, 'मी नसतो तर बरं' असं बोलत असेल, तर जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका.

आणखी एक, आयांसाठी. कर्ज गुपचूप फेडून टाकू नका. बहिणीने पहिल्यांदा तेच करायचं ठरवलं होतं, मंगळसूत्र मोडून. गुपचूप फेडलं की दुखणं झाकलं जातं आणि खातं पुन्हा मोकळं होतं. आम्ही बचत गटात जाऊन खरं सांगितलं आणि हप्ता लांबवून घेतला. सोपं नव्हतं, दोन बायका बोलल्याच. पण तीन जणींनी नंतर मला बाजूला घेऊन आपापल्या घरचं सांगितलं.

'आता बंदी आली ना ताई', असं मला हल्ली ऐकवतात. आली, चांगलं झालं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण भीतीने घरं गप्प बसतात आणि उपचार राहून जातात. नावाजलेल्या कंपन्यांनी पैशाची टेबलं बंद केली. पण भाच्याच्या मोबाइलवर टेलिग्रामवरून लिंक येणं थांबलं नाही. हे परदेशातून चालणारे ॲप, प्ले स्टोअरवर नसतात, फाइल उतरवून घ्यायची. बोनस आता शंभर नाही, दोनशे-तीनशे टक्के. पूर्वी निदान अटींचं पान तरी होतं. इथे पैसे भरायचे ते कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर, आणि काढायची वेळ आली की 'आधी आणखी भरा, मग मिळतील'. असं झालं तर लगेच 1930 वर फोन करा, जितका उशीर तितका पैसा पुढे सरकतो. आणि 'तुझं बँक खातं महिनाभर दे, पाच हजार देतो' म्हणणारा कुणी वस्तीत फिरत असेल तर त्याला दारात उभं करू नका. त्या खात्यातून जुगाराचा पैसा फिरतो, खातं गोठतं आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी.

एका सभेत आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सांगितलं की ही पोरं बिघडली, संस्कार कमी पडले. मला त्यांचा आदर आहे, तरी हे पटत नाही. माझा भाचा पंचशील म्हणतो, आईला घरात मदत करतो, सकाळी सहाला उठून कामाला जायचा. त्याच्यात कमतरता संस्काराची नव्हती. अटी अशा लिहिल्या होत्या की कोणाच्याही पोराला त्या बांधून ठेवतील. आपण पोरांना शिव्या घालतो आणि अटी लिहिणाऱ्याचं नावही घेत नाही.

भाच्याचा खांदा जुळला. शिलाई मशीन अजून आलेलं नाही, हप्ता चालू आहे. मागच्या महिन्यात त्याने मला त्याच्याकडे आलेला एक मेसेज दाखवला, 'तुमचा बोनस तुमची वाट बघतोय, फक्त 48 तास.' मी म्हटलं डिलीट कर. तो म्हणाला, नको, रविवारी विहारात पोरांना दाखवू.

आता आमच्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर तासभर बसतो. मोबाइलवर अशी कुठलीही ऑफर आलेली असेल तर घेऊन या. भाचा इंग्रजी वाचतो, मी कागदावर तास मांडते.