टाळ्यांची वाट सोडतांना

ज्या विषयांत विद्यार्थ्यास एकदां पहिला क्रमांक मिळाला, त्याच विषयास त्यानें जन्मभर चिकटून राहावें, अशी घरच्या वडील मंडळींची अपेक्षा असते. ती प्रेमापोटींच असते, हें आम्ही जाणतों. परंतु ती नेहमींच हितकर असते काय? या प्रश्नाचा विचार करतांना एका ध्वनिमुद्रिकेचें उदाहरण आमच्या डोळ्यांपुढें येतें.

इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन येथें एक जुनी शाळा आहे. तेथील पांच विद्यार्थ्यांनीं १९८५ च्या सुमारास एक वाद्यवृंद काढिला. सराव शुक्रवारीं होई, म्हणून त्याचें नांव ‘ऑन अ फ्रायडे’. हाच वृंद पुढें ‘रेडिओहेड’ या नांवानें जगप्रसिद्ध झाला. १९९७ सालच्या ‘ओके कंप्यूटर’ या संग्रहानें तर त्याची गणना रॉक संगीतांतील अग्रगण्य वृंदांत होऊं लागली. गिटारच्या नादावर उभें असलेलें त्यांचें गायन लोकांस इतकें रुचलें कीं, अनेक नवे वृंद त्याचें अनुकरण करूं लागले.

आतां तीच वाट धरून चालणें किती सोपें होतें! परंतु मुख्य गायक थॉम यॉर्क यास त्या नादाचा वीट आला होता. १९९९ पासून पॅरिस, कोपनहेगन व शेवटीं ऑक्सफर्ड अशा ठिकाणीं वर्षाहून अधिक काळ प्रयोग चालले. कित्येक गीतांत गिटारला जागाच उरली नाहीं. हातचें वाद्य खालीं ठेवून स्वस्थ बसण्याचा प्रसंग वादकांवर आला. जॉनी ग्रीनवूड यानें ‘ओंद मार्तेनो’ हें १९२८ सालचें फ्रेंच विद्युत् वाद्य हातीं घेतलें. एका गीतांत पॉल लान्स्की या अमेरिकन रचनाकाराच्या १९७३ सालच्या संगणक-संगीताचा अंश योजिला, तो त्याची अनुमति घेऊन व नामनिर्देश करून.

ऑक्टोबर २००० मध्यें हा ‘किड ए’ संग्रह प्रसिद्ध झाला. इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत तो विक्रींत पहिला आला. तथापि कांहीं टीकाकारांनीं त्यास दुर्बोध म्हणून झिडकारलें. पुढें २००९ सालीं ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानें त्यासच त्या दशकांतील सर्वोत्कृष्ट संग्रह ठरविलें.

आमचें मत या यशावर अवलंबून नाहीं. ज्यांस जुनीं गाणीं प्रिय होतीं, त्यांची निराशाही आम्ही खोटी मानीत नाहीं. शिवाय नवें तें सारें चांगलें, असेंही आमचें म्हणणें नाहीं. अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून विषय बदलणें, ही निव्वळ पळवाट होय. परंतु जो पहिल्याहून अधिक कष्ट करण्यास, पुन्हां नवशिका होण्यास व लोकनिंदा सोसण्यास सिद्ध आहे, त्याची वाट अडवूं नये.

आणखी एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी. याच संग्रहांतील ‘द नॅशनल अँथम’ या गीताची मूळ खर्जांतील धून यॉर्कनें शाळेंत असतांनाच रचिली होती. वाट बदलली तरी शिदोरी वायां जात नाहीं. म्हणून ती बांधून द्यावी, आणि वाट मुलांस निवडूं द्यावी.