पेट्रोल ओढायचं की ढकलायचं?

मोटारीची टाकी मागे आणि इंजिन पुढे. मग पेट्रोल तिथवर जातं कसं? जुन्या स्कूटरचं सोपं होतं. टाकी वर, इंजिन खाली! फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीतही (१९०८ ते १९२७) पेट्रोल असंच उताराने यायचं. पण टाकीत ते कमी असलं, की चढावर पुढे येईना. मग लोक गाडी चक्क उलटी, रिव्हर्समध्ये चढावर नेत!

यावर उपाय म्हणजे पंप. २०२३ साली मुंबईतून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत यांत्रिक पंप असे. इंजिन फिरलं की कॅम एक दांडी ढकलतो, पंपातला लवचीक पडदा मागे जातो आणि पेट्रोल ओढलं जातं. स्प्रिंग पडदा परत लोटते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे निघतं. ना वायर, ना वीज! पण हा पंप इंजिनालाच चिकटलेला. उन्हाळ्यात तो तापतो आणि ओढलेल्या पेट्रोलवर दाबही कमी असतो. त्यामुळे पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ धड ओढता येत नाही आणि गाडी बंद पडते. मग ड्रायव्हरकाका पंपावर ओलं फडकं टाकत.

विजेचा पंप बहुधा टाकीतच बुडालेला असतो. तो पेट्रोल ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. भोवतालचं पेट्रोल पंपाला गारही ठेवतं. म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत गाडी चालवू नये.

मग जुन्या गाडीलाही विजेचाच पंप बसवावा? थांबा! कार्ब्युरेटरला साधारण ०.३ बार दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ३ बारच्या आसपास, म्हणजे दहापट दाब देतो. तो बसवला तर कार्ब्युरेटर भरून वाहू लागेल. तिथे कमी दाबाचाच पंप हवा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. विजेचा पंप मात्र वीज मिळेतो चालूच! अपघातात नळी फुटली तर पेट्रोल सांडत राहील आणि एक ठिणगीही पुरेल. नव्या गाड्यांत इंजिन थांबताच संगणक पंप बंद करतो. जुन्या गाडीत तशी सोय आधी करायची, पंप नंतर.

आणि गंमत पाहा, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या आजच्या इंजिनांत दोन्ही पंप असतात. टाकीत विजेचा आणि इंजिनावर कॅमने चालणारा, शंभर बारहून जास्त दाब देणारा यांत्रिक!

आता बाबांनी किंवा आईने गाडीची चावी फिरवली की मागच्या सीटवर कान द्या. क्षणभर बारीक ‘घूंऽऽ’ ऐकू आलं, तर पंप कुठला ते तुम्हीच सांगा!