नाणे राजाचे, नोट रयतेची

जुन्या पैशाचा शौक म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर नाणीच येतात. ज्याच्या कपाटात चारमिनारचा चांदीचा रुपया आहे, तो जाणकार संग्राहक. आणि ज्याच्या ट्रंकेत त्याच काळातली, घडीवर फाटू लागलेली नोट आहे त्याला आपण म्हणतो, "कागदच तो, आज ना उद्या कसर खाईल." परभणीत हेच ऐकतो, गंगाखेडच्या वाटेवरच्या पोखर्णीतही हेच. नृसिंहाच्या यात्रेत जुन्या वस्तूंची पथारी पसरलेली दिसली, तर लोक आधी नाणीच उचलतात. हे बरोबर नाही, असे मला ठामपणे म्हणायचे आहे. मराठवाड्यातल्या मराठी मुसलमानाने तर नोटच आधी जपली पाहिजे.

प्रथम नाण्याची बाजू घेऊ. नाणे टिकते. ते जमिनीत शेकडो वर्षे पडून राहिले तरी बोलते. सातवाहनांचा इतिहास आपल्याला बराचसा नाण्यांनी सांगितला. त्या राजांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला दक्षिणेतली भाषा आहे. शिवरायांची शिवराई देवनागरीत आहे. म्हणजे नाण्याला रयतेची भाषा अगदीच वर्ज्य होती असे नाही. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली नाणेशास्त्राची संस्था निघाली, ती काही उगीच नाही. नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. माझे भांडण आहे ते नाणे म्हणजेच खरा पैसा आणि खरा इतिहास, बाकी रद्दी, या समजुतीशी.

आता आपल्याच मुलखाचे नाणे हातात घ्या. निजाम मीर उस्मान अली खान यांचा रुपया. वजन ११ ग्रॅमच्या आसपास. चारमिनारचे चित्र, भोवती आसफजाह निजामुल्मुल्क बहादुर ही पदवी, आणि चारमिनारच्या कमानीत एक अक्षर, 'ऐन'. ते उस्मान या नावाचे पहिले अक्षर. त्यांच्या वडिलांच्या, मीर महबूब अली खान यांच्या चारमिनार नाण्यावर तिथे 'मीम' होते. बाप गेला, मुलगा आला, कमानीतले अक्षर बदलले. नाण्याने एवढीच बातमी दिली. ते नाणे खुळखुळवत पोखर्णीचा शेतकरी बाजाराला जात होता. पण त्याला वाचता येईल असे एकही अक्षर त्यावर नव्हते.

हैदराबाद संस्थानचा कागदी चलनाचा कायदा १९१८ सालचा. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली. संस्थानांनी नोटा काढू नयेत असा इंग्रजांचा आग्रह असे, पण युद्धात हैदराबादने मदत केली होती आणि चांदी मिळत नव्हती, म्हणून परवानगी मिळाली. आधी १० आणि १०० रुपयांच्या नोटा निघाल्या, १९१९ साली १ आणि ५ च्या, १९२६ साली १००० ची. या उस्मानिया सिक्क्याच्या नोटांवर उर्दूबरोबर इंग्रजी होती, तेलुगू होती, कन्नड होती आणि देवनागरीत आपली मराठीही होती.

याच १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. त्याचे माध्यम उर्दू. राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची ती मातृभाषा नव्हती. मराठी मुलांच्या मराठी शिक्षणाचे हाल काय होते, हे मराठवाड्याला सांगायला नको. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे त्या राज्याला विद्यापीठाच्या वर्गात मराठी नको होती, पण बाजारात मराठीवाचून त्याचे चालत नव्हते. चांदीचे नाणे वाजवून घेता येते, दाताखाली धरून पाहता येते. कागद वाजत नाही. त्यावर विश्वास बसायचा तर तो वाचता आला पाहिजे. म्हणून सरकारला रयतेच्या भाषेत यावे लागले. ही मेहेरबानी नव्हती, ती गरज होती. आणि म्हणूनच ती नोट मला फर्मानापेक्षा मोलाची वाटते.

आपल्याला अजूनही विचारतात, "तुम्ही मुसलमान, मग तुमची मराठी इतकी चांगली कशी?" या प्रश्नाला आपण कवितेने, कथेने, भाषणाने उत्तरे देत आलो. पण एक उत्तर छापील आहे आणि ते कदाचित दादीच्या ट्रंकेत पडले आहे. एकाच कागदावर उर्दू आणि मराठी. आपल्या घरात या दोन भाषा जशा नांदतात, तशाच त्या कागदावर आहेत. आजची नोट उलटून पाहा. मागच्या बाजूच्या पट्टीत १५ भाषा आहेत. त्यात मराठीही आहे आणि शेवटी उर्दूही. आजच्या नाण्यावर मात्र हिंदी आणि इंग्रजी, बस्स.

यावर पहिला आक्षेप येतो: कागद म्हणजे फसवा पैसा, खरे धन दीनार-दिरहमचे. आपल्यातले काही लोक हे धर्माच्या आवाजात सांगतात. त्यांनी आपल्याच दौलताबादची आठवण ठेवावी. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी तिथे आणली, आणि दोनेक वर्षांत पितळ-तांब्याची नाणी चांदीच्या भावाने चालवली. त्या नाण्यांवर सुलतानाची आज्ञा पाळणारा रहमानची आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा मजकूर होता. धातू होता, धर्माचा आधार होता, सुलतानाची हुकमत होती. तरी घरोघर खोटी नाणी पडू लागली, आणि शेवटी सुलतानाला ती चांदी देऊन परत घ्यावी लागली. धातूने इमान टिकत नाही, ते माणसांनी टिकवावे लागते. आणि नोटेचा धर्मशास्त्रीय प्रश्न काही नवा नाही. बरेलीचे मौलाना अहमद रझा खान १९०६ साली मक्केत असताना त्यांना कागदी नोटांविषयी प्रश्न विचारले गेले. नोट ही नुसती पावती नाही, ती स्वतंत्र माल आहे, असे त्यांनी उत्तरात लिहिले. त्यांच्या इतर मतांशी कुणाचे पटो न पटो, कागदाला तुच्छ मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: "निजामाची नोट जपता, म्हणजे निजामच जपता ना?" हा प्रश्न भीती दाखवण्यासाठी विचारला जातो, आणि आपण घाबरून गप्प बसतो. गप्प बसायचे कारण नाही. निजामाचे नाव कमानीत घेऊन फिरते ते नाणे. पण ते शोकेसमध्ये ठेवणाऱ्या शेटजीला असा प्रश्न कुणी विचारत नाही. नोटेवर अर्थखात्याच्या जबाबदार माणसाची सही असते. काही नोटांवर गुलाम मुहम्मद यांची सही आहे. ते पुढे १९५१ साली पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. सही करणारा सीमेपलीकडे गेला, पण नोट मराठवाड्यातच राहिली, कारण ती ज्यांच्या खिशात होती ते लोक इथलेच होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, पण व्यवहार एका रात्रीत बदलला नाही. १९५० साली ७ हाली रुपयांना ६ कलदार हा दर धरला गेला, आणि हाली चलन रीतसर रद्द व्हायला १९५९ उजाडले. कोणते राज्य आले नि गेले यापेक्षा ज्वारीचा भाव हालीत सांगायचा की कलदारात, ही चिंता आपल्या आजोबांना रोजची होती. तो इतिहास राजाचा नाही, आपला आहे.

आता जपण्याविषयी. चांदीच्या रुपयाची काळजी करायला चांदी आहे. मात्र तीच त्याची वैरीणही आहे. घरात अडचण आली की रुपया सराफाकडे जातो. सराफ त्याचे तोंड पाहत नाही, वजन पाहतो, आणि मग तो मुशीत जातो. शेतात नाण्यांचा हंडा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते. ट्रंकेतल्या रद्द नोटेला कुणी विचारत नाही. तिला वितळवून काही मिळत नाही, दुकानात ती चालत नाही. ती उरली असेल तर कुणीतरी मुद्दाम ठेवली म्हणूनच उरली. तिच्यामागे माणसाची इच्छा आहे.

पण आपण कागद जपतो तो भलत्याच कारणासाठी. ज्या नोटेच्या क्रमांकात ७८६ आहे ती पाकिटात, गल्ल्यात, तावीजासारखी. अबजदच्या हिशेबाने बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते, म्हणून हा आकडा. 'दीवार'मधल्या बिल्ल्याने १९७५ साली तो सगळ्या देशाला पाठ करून दिला. आणि आता त्याचा बाजार भरतो. शंभराची नोट हजारोंना मागतात, आणि आपला गरीब माणूस बरकतीच्या आशेने खिसा चाचपतो. जरा हिशेब करू. नोटेचा क्रमांक सहा आकडी असतो. दर दहा लाख क्रमांकांत ज्यांच्या शेवटी ७८६ येतो अशा नोटा बरोबर १,०००. आकडा कुठेही चालत असेल तर ३,९९९. छपाईचे यंत्र बिस्मिल्लाह म्हणत नाही, ते फक्त मोजते. बिस्मिल्लाह जिभेने म्हणायची आणि कामाला लागायचे. ती विकत घ्यायची वस्तू नव्हे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून कर आणि कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले. ७८६ च्या नोटेने लखपती व्हायला निघालेला माणूस अशांच्या हाती सहज लागतो. संग्राहक हा लॉटरी खेळणारा नसतो, तो अमानतदार असतो.

तेव्हा काय करावे? ट्रंक उघडा. जुझदानात, हिशेबाच्या वहीत, फ्रेमच्या मागे पाहा. नोट सापडली तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. त्याने नोट जपली जात नाही, कायमची मरते. कोऱ्या कागदाच्या पाकिटात, ओल नसलेल्या जागी ठेवा. आणि पाकिटावर मराठीत लिहा: कुणाची, कुठून आली, का राहिली. या दोन ओळींशिवाय नोट म्हणजे दलालाचा माल आहे.

८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या. तांदळाच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून बायकांनी साठवलेले पैसे बाहेर आले. २०१७ च्या कायद्याने या रद्द नोटा दहाहून अधिक बाळगायला बंदी केली, पण अभ्यास, संशोधन आणि नाणेशास्त्र यांसाठी २५ पर्यंत मुभा ठेवली. दोन हजाराची नोटही १९ मे २०२३ ला परत घ्यायचे जाहीर झाले. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की रद्द कागदात काही शिल्लक असते. आपल्याला ते कधी कळणार? चारमिनारचा रुपया सांभाळायला सराफ आहेत, श्रीमंत आहेत, संग्रहालये आहेत. पण उर्दू आणि मराठी एका अंगावर वागवणारा तो कागद आपल्या ट्रंकेतून गेला, तर तो दुसरे कुणी आपल्यासाठी सांभाळून ठेवणार नाही.