फी कोणाची आणि गिऱ्हाईक कोण?

अलीकडे आपल्या व्यापारी घराण्यांत एक नवी रीत रूढ होऊ लागली आहे. मुलगा अथवा मुलगी शिक्षण संपवून पेढीवर येऊन बसली, की त्यांच्यासाठी सहा महिने-वर्षभर एखादा ‘बिझनेस कोच’ ठरवावयाचा. या रीतीस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पूर्वी हे काम चुलते, मामा किंवा पेढीवरचे जुने दिवाणजी करीत. आता घरे लहान झाली आणि दिवाणजीही राहिले नाहीत. परंतु डॉक्टरास वा वकिलास लागते तशी कायद्याची सनद या धंद्यास आपल्या देशात लागत नाही; कोणीही पाटी लावू शकतो. यास्तव कोचाने गिऱ्हाइकाशी कसे वागावे, आणि फी भरणाऱ्या आम्हां वडीलमंडळींनी कोचाशी कसे वागावे, याचा विचार आपणच केला पाहिजे.

‘कोच’ हा शब्द मुळात हंगेरीतील कोच या गावी बनणाऱ्या घोडागाडीवरून आला. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेच्या पार नेणाऱ्या खासगी शिक्षकास त्या नावाने संबोधू लागले. गाडी उतारूस त्याच्या गावी नेते. गाडीवान आपल्याच मर्जीच्या गावी नेऊ लागला तर त्यास भाडे कोण देईल? या धंद्याचे सारे नीतिशास्त्र आम्हांस या एका प्रश्नात दिसते.

टिमोथी गॅलवे यांनी १९७४ साली टेनिसवर लिहिलेल्या पुस्तकात असे दाखविले, की सूचनांचा भडिमार खेळाडूस सुधारण्याऐवजी अडवितो. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ साली हाच विचार व्यवहाराच्या क्षेत्रास लावून उद्दिष्ट, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय अशा चार पायऱ्या सांगितल्या. या चारही पायऱ्या गिऱ्हाइकानेच चढावयाच्या असतात. कोचाने केवळ विचारावयाचे असते.

समजा, तरुण व्यापारी म्हणाला, “उधारी वसूल होत नाही.” उतावळा कोच म्हणेल, “उधारी बंद करा.” त्यावर तो तरुण उधारीशिवाय धंदा कसा चालणार नाही हेच तावातावाने पटवू लागेल. विल्यम मिलर यांनी १९८३ साली मद्यपानाच्या व्यसनातील रुग्णांविषयी लिहिताना हाच अनुभव मांडला आहे: दडपण आणले की माणूस स्वतःच्या सवयीचीच वकिली करू लागतो. जाणता कोच म्हणेल, “कोणाकडे किती गुंतली आहे? यांपैकी कोणास माल देतानाच मन साशंक होते?” आणि स्वतःस एखादा उपाय ठाऊक असला, तर “सांगू काय?” असे विचारून मगच तो सांगेल. पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून आपण सौदा करीत नाही. मधला आणि तळाचाही नमुना काढतो. ऐकण्याचेही तसेच आहे.

आता सचोटीचा प्रश्न. अडत्याने शेतकऱ्याकडून अडत घ्यावी आणि खरेदीदाराकडूनही गुपचूप काही घ्यावे, याला बाजारात काय म्हणतात ते सांगावयास नको. कोच एखादी संगणक-प्रणाली वा सल्लागार सुचवितो, तेव्हा त्यात त्याची दलाली आहे काय, हे त्याने आपण होऊन सांगितले पाहिजे. १९९५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या नीतिनियमांतही असा दंडक आहे.

याच नियमांत फी देणारा आणि कोचिंग घेणारा हे दोन वेगळे पक्ष मानले आहेत. आणि आमच्या मते आपल्या घराण्यांची खरी अडचण येथेच आहे. “पैसा आमचा, पेढी आमची, मग मुलगा काय बोलला ते आम्हांस कळू नये काय?” असे वडील विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आपले शब्द सायंकाळी वडिलांच्या कानी जाणार हे कळल्यावर तो मुलगा वडिलांस रुचेल तेवढेच बोलेल. मग फी देऊन आपण आपलाच प्रतिध्वनी विकत घेतला, असे होईल. पेढीचे बरेवाईट खतावणीत दिसतेच. मनातले बोलणे ही निराळी ठेव आहे, आणि ठेव ज्याची त्यासच परत करावयाची असते.

म्हणून आरंभीच तिघांनी बसून कागदावर लिहावे: बैठकी झाल्या की नाही आणि ठरविलेली उद्दिष्टे कोणती, एवढे वडिलांस कळेल, बाकीचे मुलगा स्वतः सांगेल तेव्हाच. कायद्याने सांगणे भाग असेल किंवा कोणाच्या जिवास धोका असेल, तेवढाच अपवाद. मनाचे दुखणे दिसल्यास कोचाने स्वतः वैद्यकी न करता डॉक्टरांकडे धाडावे. आणि कोणत्याही पक्षास केव्हाही थांबण्याची मोकळीक असावी.

एक गोष्ट मात्र वडिलांनी आधीच मनाशी ठरविली पाहिजे. प्रामाणिक प्रश्नांची उत्तरेही प्रामाणिक येतात. वर्षाअखेर मुलगा कदाचित म्हणेल, की धान्याचा धंदा मला करावयाचा नाही. तेव्हा कोचाने मुलास बिघडविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मन नसलेला वारस वीस वर्षे गादीवर बसवून पेढी बुडण्यापेक्षा हे उत्तर आज कळलेले बरे. ज्यांस हे ऐकण्याची तयारी नाही, त्यांनी कोच न ठेवता मुलास सरळ आज्ञा करावी. त्यात निदान दांभिकता तरी नाही.

आपल्या असोसिएशनने अशा कराराचा एक पानी नमुना तयार करून सभासदांस द्यावा, अशी आमची सूचना आहे. मालाच्या सौद्यास आपण चिठ्ठी करतो. मुलांच्या मनाच्या सौद्यास ती नसावी, हे व्यापाऱ्यांस शोभत नाही.