सिगारची ती कला, विडीची ती मजुरी?

१/ मानवतच्या कापूस बाजारात जाणकार कापसाचा तंतू दोन बोटांत ओढतो, त्याची लांबी पाहतो आणि मग भाव बोलतो. दर्जा बोटांना कळतो, हे या गावाला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही तंबाखूच्या संदर्भात ‘हातची कारागिरी’ म्हटले की गोडवे गायले जातात ते फक्त हवानाच्या सिगारचे. हा निवाडा इतिहासाला धरून नाही.

२/ सिगारचे कौतुक खोटे नव्हे. पाने टांगून वाळवतात, ढीग रचून आंबवतात, पुढे दीर्घकाळ मुरवतात. आत निरनिराळ्या पानांचे मिश्रण, त्यावर बांधणीचे पान, सर्वांत बाहेर निर्दोष, तलम आवरण. आतली पाने फार घट्ट बसली तर धूरच ओढला जात नाही.

३/ हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा रुजली. ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे सिगारचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले. जगाने त्या कामगाराला कलावंत मानले. ते योग्यच.

४/ आता सोलापूरची विडी पाहा. तेंदूचे पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कातरायचे, तंबाखू सारखी पसरून वळायचे, टोक दुमडून दोरा बांधायचा. कसोटी तीच : घट्ट झाली तर ओढत नाही, सैल झाली तर विझते. पण हे हात बहुतांशी स्त्रियांचे. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मोजली जाते. कला म्हणून तिची नोंद नाही.

५/ ‘सिगार ही परंपरा, विडी हे व्यसन’ म्हणणाऱ्यांनी अकबराचा दरबार आठवावा. १६०४ च्या सुमारास असद बेगने तेथे तंबाखू आणि रत्नजडित हुक्का नेला, तो विजापूरहून. उत्तरेच्या दरबाराला हा शौक दख्खनने दाखवला. ‘चिरूट’ हा शब्दही मूळ तमिळच.

६/ आक्षेप येईल : सिगारचे पान वर्षानुवर्षे मुरते, विडीचे नाही. मान्य. पण हा फरक पानाचा आणि भांडवलाचा आहे, बोटांचा नव्हे. १९६६ च्या कायद्याने विडी आणि सिगार कामगारांना एकाच नावाखाली आणले. कायद्याला जे दिसले, ते रसिकांना दिसू नये?

७/ येथे धुराची भलामण नाही. दोन्ही घातकच. विडी वळणारी स्त्री तर ती न ओढताही तंबाखूची धूळ श्वासात घेते.

८/ या स्त्रियांचा इतिहास केवळ सोसण्याचाही नाही. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगारांनी संघटित लढ्यातून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली तिचे लोकार्पण झाले. तिला नाव दिले गोदूताई परुळेकरांचे. हवानाच्या वाचनकक्षाची कथा सांगणाऱ्याला कुंभारी ठाऊक नसेल, तर त्याने इतिहास वाचलेला नाही. फक्त खोक्यावरचे नाव वाचले आहे.