ज्वारीला जमीन पाहून वाण, मग पोराला एकच माप का?



शनिशिंगणापुरात घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत, ही गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक आहे. इथून तासाभराच्या वाटेवर राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. नाव महात्मा फुल्यांचे, जमीन आपल्या जिल्ह्याची. त्या दाराला मात्र कुलूप आहे आणि किल्लीचे नाव आहे सीईटी. एके काळी कृषी पदवीच्या प्रवेशाला बारावीचे गुण पुरत. आता सीईटीचा आकडा जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

सरकार म्हणते, सगळ्यांना एकच परीक्षा, म्हणजे सगळ्यांना समान न्याय. हा न्याय आम्ही शेतीच्या मापाने मोजून पाहणार आहोत. आमचे शिक्षण शेतीचेच आहे.

याच राहुरी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण दिले. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. असे का? कारण मुरमाड रानातले पाच क्विंटल आणि काळ्या रानातले पाच क्विंटल सारखे नसतात, हे शास्त्रज्ञांना कळते. नव्या वाणाची चाचणी घेताना शेजारी मालदांडी पेरतात आणि त्याच जमिनीतल्या मालदांडीशी तुलना करून निकाल देतात. जमीन न सांगता नुसते उत्पादन सांगणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापक नापास करतील. पण तेच विद्यापीठ आपले विद्यार्थी निवडताना जमीन विचारत नाही, नुसता उतारा मोजते!

आता गंमत पाहा. सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत, संगणकावर होते. एका सत्राचा पेपर सोपा, दुसऱ्याचा अवघड निघतो. म्हणून कच्चे गुण न देता पर्सेंटाइल देतात. म्हणजे दोन सत्रांतले गुण जसेच्या तसे ताडता येत नाहीत, हे परीक्षा घेणारेच कबूल करतात. सकाळ-दुपारचा फरक त्यांना दिसतो. पुण्याच्या क्लासमध्ये दोन वर्षे सराव केलेली पोर आणि नेवासे तालुक्यात रात्रीच्या विजेवर कांद्याला पाणी धरून सकाळी कॉलेजला जाणारी पोर, यांच्यातला फरक तेवढा दिसत नाही.

आणि यंत्र तरी किती निर्दोष? २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो, मराठीत नाही.

म्हणून सीईटी मोडून पुन्हा नुसत्या बारावीवर जावे, असे आम्ही म्हणत नाही. प्रात्यक्षिकाचे गुण कसे वाटले जातात आणि कॉपी कशी चालते, हे आपल्या गावात कुणाला सांगायला नको. कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये पोरगा, हा धंदा इतका माजला की २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. गुणपत्रिकाही विकत मिळू शकते. प्रामाणिक गरिबाला परीक्षेचा आधार असतो, हे खरे आहे.

अमेरिकेत हाच वाद झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० साली एसएटी परीक्षेचे गुण मागणे सोडले. एमआयटीने मात्र २०२२ साली ते पुन्हा सक्तीचे केले आणि २०२४ साली डार्टमथ कॉलेजनेही. डार्टमथच्या अभ्यासात दिसले की गरीब शाळांतली मुले आपला आकडा कमी समजून अर्जाला जोडतच नव्हती. पण त्यांच्या शाळेच्या मानाने तो उत्तम होता, आणि जोडला असता तर त्यांना प्रवेशाची वाट मोकळी झाली असती. म्हणजे आकडा मागा, पण तो कुठल्या मातीतून आला हे पाहून वाचा. टेक्सास राज्याने तर १९९७ सालीच कायदा केला की प्रत्येक शाळेतल्या पहिल्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात जागा मिळेल.

सरकार म्हणेल, शेतकऱ्यांच्या मुलांना सातबाऱ्याचा अधिभार देतोच की! देता. पण सातबारा पुण्यात फ्लॅट असलेल्याच्या नावावरही असतो. त्या कागदाने जमिनीचा मालक कळतो. पोरगा कुठल्या कॉलेजात, कुठल्या सोयीत शिकला, हे त्यावर लिहिलेले नसते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितले होते की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. त्यांचेच नाव लावणाऱ्या विद्यापीठाला हे ऐकवण्याची पाळी आपल्यावर यावी, याची लाज सरकारला वाटली पाहिजे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो.

एक. कृषी प्रवेशात सीईटीचा आकडा विद्यार्थ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या आणि तालुक्याच्या सरासरीशी ताडून वाचावा. सत्रांसाठी जे गणित करता, ते जमिनीसाठीही करा.

दोन. प्रत्येक ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयात सीईटीत पहिल्या आलेल्या मुलांसाठी कृषी विद्यापीठांत जागा राखाव्यात.

तीन. कोणत्या तालुक्यातून किती अर्ज आले आणि किती प्रवेश झाले, याची यादी दरवर्षी छापावी. लपवण्यासारखे काही नसेल तर छापायला भीती कसली?

या मागण्यांत भीक नाही, सवलत नाही. वाणाला लावता तोच नियम पोरांना लावा, एवढेच मागणे आहे. बैठकीला येताना बारावीला असलेल्या मुलामुलींना बरोबर आणा. ठरावावर पहिल्या सह्या त्यांच्या झाल्या पाहिजेत.